श्वानमुक्त गुडघा

घरात कुत्रा असल्याचं नाकारण्यात सोसायटीच्या अध्यक्षांचा फायदा मोठा होता. इमारत श्वानमुक्त करण्याचा ठराव त्यांनीच मांडला होता, फाटकावरची पाटी त्यांनीच लावली होती, आणि त्या पाटीच्या जोरावर ते पुन्हा बिनविरोध निवडून येणार होते. तोट्याच्या बाजूला फक्त एक गुडघा होता. तोही नवाकोरा, कृत्रिम.

कुत्रा अर्थातच होता. अध्यक्षांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, त्याचं नाव 'पाहुणे' ठेवलं होतं. भुंकणं बाहेर ऐकू गेलं की शेजाऱ्यांना "पाहुणे आहेत घरात" असं सांगता येई आणि खोटं बोलल्याचं पापही लागत नसे. शस्त्रक्रियेनंतर अध्यक्ष सोफ्यावर पाय पसरून बसत आणि पाहुणे मोठ्या आपुलकीने टाके चाटत.

गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. सुईने काढलेल्या पाण्यात असा जंतू निघाला, की डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला.

"घरात कुत्रा आहे?"

"आमची इमारत श्वानमुक्त आहे."

"मी इमारतीचं नाही विचारलं."

"ठराव एकमताने झालाय, डॉक्टर."

"जंतू बैठकीला नसावा," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा जंतू कुत्र्याच्या तोंडात राहतो, माणसाच्या सांध्यात क्वचितच येतो. आत्ताच सांधा उघडून धुतला आणि साधं पेनिसिलिन दिलं, तर बहुधा वाचेल. पण कुत्राच नसेल, तर प्रयोगशाळेत नमुन्याची भेसळ झाली असं धरून नेहमीच्या जंतूंवरचं औषध द्यावं लागेल, आणि हा त्या औषधाला भीक घालत नाही.

अध्यक्षांनी विचार करायला वेळ मागून घेतला आणि तातडीची बैठक बोलावली. प्रयोगशाळेच्या बदनामीकारक अहवालाचा निषेध झाला. इमारतीत कुत्रा नाही व कधीही नव्हता, यावर झाडून सगळ्यांचे हात वर गेले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी भुंकलं आणि दुसऱ्यावरून त्याला उत्तर गेलं. सभेला एकाच वेळी खोकला लागला. सचिवांनी वर केलेला हात खाली आणता आणता पँटवरचे पांढरे केस झटकले.

ठरावाची प्रत रुग्णालयाने दप्तरी दाखल करून घेतली आणि नेहमीचं औषध सुरू केलं. नमुना पुन्हा तपासला, त्यात काहीच उगवलं नाही. अंगात औषध असताना जंतू मरत नसला तरी दबून बसतो, नमुन्यात बऱ्याचदा उगवत नाहीच. अध्यक्षांनी हा निरंक अहवाल पाटीखाली डकवला. पाटी चमकत राहिली आणि गुडघा सडत राहिला.

शेवटी कृत्रिम सांधा काढावाच लागला. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसला. काढलेल्या सांध्यावर तोच जंतू सुखाने नांदत होता. अध्यक्ष खाटेवरूनच ठरावाचा क्रमांक सांगू लागले, तेव्हा बाई पहिल्यांदा मध्ये बोलल्या.

"अहो, पाय तुमचा आहे, इमारतीचा नाही. डॉक्टर, आहे आमच्याकडे कुत्रा. टाके चाटायचा."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा यांची निवडणूक होती."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पेनिसिलिन लिहून दिलं. सहा आठवड्यांनी बघू, म्हणाले. हाड साथ देत असेल तर नवा सांधा बसवू.

आता हिशेब. पाटी शाबूत. अध्यक्षांची खुर्चीही शाबूत, उलट आता तिला चाकं आहेत. सभासदांचं काही गेलं नाही. पाहुण्यांचा चाटण्यापुरता गुडघा गेला. किंमत एकट्या अध्यक्षांनी मोजली. आणि खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर ते बाईंच्या खांद्यावर भार टाकूनच जातात, म्हणजे त्यातली अर्धी बाईंनी.

तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याही फाटकावर एखादी पाटी असणार आणि तुम्हीही कधीतरी हात वर केला असणार. तुमच्या दारामागे काय भुंकतं, हे मी विचारत नाही. वेळ आली की तुमचा गुडघा सांगेल.