गुडघ्याची खातरजमा

शाळेतले पी.टी.चे सर मुलांना 'मागे फिर' करून दाखवत होते. सर फिरले, पण बुटाचे खिळे मातीत रुतल्यामुळे त्यांचा डावा पाय होता तिथेच राहिला. गुडघ्यातून कट् असा आवाज आला. लिगामेंट फाटले होते. मांडीच्या मागची एक कंडरा काढायची, हाडांना भोके पाडायची आणि ती गुडघ्यात नव्याने ओवायची, असे ठरले. सरांची काही तक्रार नव्हती. त्यांना फक्त पुन्हा मैदानावर उभे राहायचे होते. शेजारच्या शाळेतले मास्तर खुर्चीत बसून शिट्टी फुंकत, आणि तसले जिणे सरांना नको होते.

रुग्णालय अतिशय दक्ष होते. चुकीचा गुडघा उघडला जाऊ नये म्हणून तिथे नियम होता, की रुग्णाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचारावे, "कोणता गुडघा?" आधीच्याच्या उत्तरावर विश्वास ठेवणे हा शिस्तभंग समजला जाई. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारले, सिस्टरांनी विचारले. फरशी पुसणाऱ्या मावशींनीही विचारले, कारण नियमात 'प्रत्येकाने' असाच शब्द होता.

"डावा," सर दर वेळी सांगत राहिले. सिस्टरांनी जाड पेनाने डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बाण काढला.

"पुसला जाणार नाही ना हो?" सरांच्या बायकोने काळजीने विचारले.

"मॅडम, एक वेळ गुडघा पुसला जाईल, बाण नाही."

शाई वाळेपर्यंत पाय हलवू नका, हे सांगण्याचे काम दुसऱ्या विभागाकडे होते. पातळ गाऊनमध्ये सरांना थंडी वाजली आणि त्यांनी दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवले. ट्रॉलीवाले मामा न्यायला आले तेव्हा बाण दोन झाले होते.

"दोन्ही करायचेत का?" मामा थबकले.

"एकच. डावा."

"ते तुम्ही म्हणताय. बाण वेगळंच म्हणतायत."

सर्जनना बोलावणे गेले. तोंडाला मास्क लावलेले सर्जन सरांच्या समोर उभे राहिले आणि करड्या आवाजात म्हणाले, "कोणता गुडघा?"

इथे घात झाला. उभा जन्म सरांनी मुलांकडे तोंड करून कवायत घेतली होती. समोरच्यांना बघून करता यावे म्हणून तोंडाने 'डावा' म्हणायचे आणि स्वतःचा उजवा उचलायचा, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली. सर खणखणीत आवाजात म्हणाले, "डावा!" आणि थाप मारली उजव्यावर.

"उक्ती आणि कृतीत तफावत," भूलतज्ज्ञ बाई गंभीरपणे म्हणाल्या. "रुग्णाचा जबाब ग्राह्य धरता येणार नाही."

"अहो, हा काय, इकडचा!" पायथ्याशी उभी असलेली बायको हात दाखवत म्हणाली.

"तुमचं इकडचं, की त्यांचं इकडचं?" सर्जननी विचारले. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न बायकोला कोणी विचारला नव्हता.

"अहो, मी लंगडत आलोय! सगळ्यांनी पाहिलंय!" सर कळवळून म्हणाले.

"आता तुम्ही आडवे आहात. आडवा माणूस लंगडत नाही," सर्जननी समजावले.

गुडघ्याची एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरण्यात आली. सर्जननी ती अलीकडून पाहिली, भूलतज्ज्ञांनी पलीकडून. त्यामुळे मतभेद नियमानुसार नोंदवले गेले.

"संशयाचा फायदा रुग्णाला मिळालाच पाहिजे," शेवटी सर्जन म्हणाले. "दोन्ही करू."

आपला धडधाकट गुडघा डोळ्यांदेखत कापला जाणार, हे सरांना दिसू लागले. मग कुठून बळ आले कोण जाणे, ते ट्रॉलीवर ताठ उठून बसले आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "साऽवधान!"

सगळे ताठ झाले.

"डावा पाय, पुढे!"

सिस्टर, मामा, भूलतज्ज्ञ, दारातल्या मावशी, सगळ्यांचा डावा पाय पुढे आला. सर्जनचा उजवा आला.

सर्जन स्वतःच्या बुटांकडे बघत पुटपुटले, "शाळेपासून माझा हा घोळ आहे. म्हणून तर हे सगळे नियम मीच करून घेतलेत."

"कुठल्या शाळेपासून?"

सर्जननी मास्क खाली केला. "तुमच्याच, सर. तुम्ही तोंडाने डावा म्हणायचात आणि उजवा उचलायचात. बाकीची मुलं ऐकायची, मी बघायचो. तुमचा उजवा वर, की माझाही उजवा."

सरांनी डोळे मिटून घेतले. मग निमूटपणे दोन्ही हातांनी आपला डावा गुडघा घट्ट धरला, आणि कमरेखाली भूल चढेपर्यंत तो सोडला नाही. पडदा ओढल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"कोणता उघडलास रे?"

"डावा, सर."

"कुणाचा डावा?"

पडद्यापलीकडे हत्यारे थांबली. मग सिस्टरांचा आवाज आला, "बरोबर आहे सर, मी बघतेय." तेव्हा कुठे सरांनी श्वास सोडला. आज सर मैदानावर उभे आहेत आणि कवायत घेताना मुलांकडे पाठ करतात. त्यामुळे मागे मुले काय करतात ते त्यांना दिसत नाही, पण निदान कुणी चुकीचे शिकत नाही.

तुमचे हसून झाले असेल, तर आता आपल्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवा बघू. पटकन! ठेवलात? शाबास. पण त्याआधी, डावा कोणता हे ठरवायला लिहायच्या हाताची बोटे हळूच हलली ना?