चार बोटे खाली

सकाळी सव्वाआठला ताईने गॅरेजचे शटर वर ढकलले आणि तिला वाटले, गाडीची चारही चाके एकदमच पंक्चर झाली.

गाडी तिच्या ड्रायव्हिंग स्कूलची. छपरावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच. बारा वर्षे या गाडीने नवशिक्यांचे धक्के सोसले होते, पण ताठ मानेने. आज मात्र ती मान खाली घालून बसली होती.

"पंक्चर नाहीये गं," मागून धाकट्या भावाचा आवाज आला.

"मग हिला झालंय काय? जमिनीला कान लावून काय ऐकतेय ही?"

"खाली घेतलीय. चार बोटं. चारी स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापला. सरप्राइज!"

भाऊ दोन महिन्यांपूर्वी इंजिनिअर झाला होता आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू सुखाने झोपत नव्हती. मिक्सर झाला, पंखा झाला, आईचे शिलाई मशीन झाले. गाडी तेवढी राहिली होती.

"तूच म्हणालीस ना, आठचा आकडा काढताना डॉक्टर गाडी होडीसारखी डुलवतात? गुरुत्वमध्य खाली आला की डुलणं बंद. साधं शास्त्र आहे."

"आणि हे शास्त्र तुला आजच सुचलं? आज परीक्षा आहे त्यांची!"

"म्हणून तर काल केलं!"

"जोड ते तुकडे परत."

"ताई, स्प्रिंग अशी जोडता येत नाही."

"कापता येते मात्र!"

दुसरी गाडी न्यायची सोय नव्हती. अर्जावर याच गाडीचा नंबर होता. आणि परीक्षा पुढे ढकलायचीही सोय नव्हती. डॉक्टर म्हणजे ताईकडे गाडी शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टर. त्यांना तीन गावांतले तीन दवाखाने एकटीने सांभाळायची नोकरी मिळाली होती, अट एकच: गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. आज पाच वाजेपर्यंत पास झाल्याचा कागद दिला नाही, तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. याआधी त्या चार वेळा नापास झाल्या होत्या. लोकांच्या तोंडात केसभरही न हलणारे त्यांचे हात परीक्षक शेजारी बसला की लटपटायला लागत. मागच्या खेपेला त्यांनी गिअर समजून पाण्याची बाटली पकडली होती.

साडेआठला डॉक्टर आल्या, गाडीकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, ही आज बसलेली का वाटतेय?"

"दमलीय," ताई म्हणाली. "चला."

काल सपाट असलेला रस्ता आज सपाट नव्हता. स्प्रिंग आखूड केली की ती मऊ होत नाही, उलट ताठ होते, आणि तिला दबायला जागाही कमी उरते. हे भावाने तिसऱ्या सत्रात तोंडपाठ केले होते. आज तो ते बुडाने वाचत होता. रस्त्यावर रंगवलेला पांढरा पट्टासुद्धा मणक्यात कळत होता.

पहिले वळण मात्र गाडीने असे घेतले, की जणू पट्टी धरून रेघ मारली. कलणे नाही, झुलणे नाही.

"बघितलंस?" भाऊ मागून ओरडला.

ताईने बघितले होते. पण कबूल करायच्या आत पहिला स्पीडब्रेकर आला आणि गाडीच्या पोटाखालून असा खर्रर्र आवाज झाला, की फुटपाथवरच्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले.

"वजन कमी करावं लागेल," भाऊ गंभीरपणे म्हणाला.

"उतर मग!"

तो उतरला. तरी घासली. मग डॉक्टरही उतरल्या. ताईने गाडी तिरकी घेतली, एकेक चाक रांगत पलीकडे नेले आणि दोघे धावत येऊन बसले. असे सात स्पीडब्रेकर होते. चौथ्याला मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. पाचव्याला शाळेच्या बसमधली मुले उतरणाऱ्यांना टाळ्या वाजवू लागली, तर भावाने त्यांना हात केला.

"तू हात काय करतोयस? वरात आहे का तुझी?"

"मॅडम," डॉक्टर म्हणाल्या, "बोलू नका, आणि तोंड थोडं उघडं ठेवा. दात दातांवर आपटतायत. टवका उडाला की गेलं."

तर अशी तीन माणसे, आ वासून, परीक्षेच्या मैदानात वीस मिनिटे उशिरा पोचली. डॉक्टरांचा नंबर शेवटी टाकला गेला.

परीक्षक धिप्पाड आणि अबोल होते. 'चला', 'थांबा' आणि 'पुढच्या महिन्यात या' याखेरीज त्यांचा शब्द कोणी ऐकला नव्हता. ते डॉक्टरांशेजारी बसले, तशी गाडी आणखी बोटभर खाली गेली. शिकवणाऱ्याने मागे बसायचे आणि ब्र काढायचा नाही, असा नियम होता. ताई मागे बसली. भाऊ कुंपणापाशी उभा राहिला.

"चला."

स्टिअरिंगवरचे डॉक्टरांचे हात थरथरू लागले. गेली नोकरी, ताईने मनात म्हटले. गाडी पाच-सहा हात पुढे गेली असेल, तोच सिमेंटच्या सांध्यावर दण्णकन आपटली.

"आई गं!" परीक्षकांचा हात उजव्या गालावर गेला.

आणि डॉक्टरांचे हात थरथरायचे थांबले.

"खालची दाढ?"

"पुढे बघा."

"पुढेच बघतेय. गार पाण्यानं कळ येते?"

परीक्षकांनी गाल आणखी दाबून धरला. "गरमानंही येते."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि लवंग चघळत बसलात. वास आला मला." डॉक्टरांनी आरशात पाहिले, इंडिकेटर दिला. "बरं, आता मी डावीकडे वळतेय. काही जाणवणार नाही. मान सैल सोडा."

आठचा आकडा कंपासने काढावा तसा निघाला. गाडी तसूभर डुलली नाही, परीक्षकही नाहीत.

"आता चढ. इथेही लागणार नाही. श्वास घ्या. सोडा. छान."

चढावर गाडी मागे सरकली नाही. खांबांच्या मधोमध उलटी जाऊन उभी राहिली. मागे बसलेली ताई ब्र न काढता बघत होती. सहा महिने शिकवूनही ही बाई तिने कधी पाहिली नव्हती. आजवर डॉक्टरांच्या शेजारी परीक्षक बसायचा. आज पेशंट बसला होता.

शेवटी उंचवटा आला.

"आता थोडं लागेल, साहेब. मनात दहापर्यंत मोजा."

डॉक्टरांनी वेग अगदी कमी केला, गाडी तिरकी घेतली आणि एकेक चाक अलगद उतरवले. सकाळी सातदा बाहेरून पाहिलेले त्यांनी एकदा आतून करून दाखवले.

"झालं. शहाणे आहात."

परीक्षकांनी उतरून कागदावर 'उत्तीर्ण' लिहिले, सही केली, शिक्का मारला. डॉक्टरांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि ताईच्या गळ्यात पडल्या. परीक्षक मात्र गाल धरून वाकले आणि गाडीखाली पाहू लागले.

"ही खाली कुणी घेतली?"

"मी, सर!" भाऊ कुंपणावरून उडी मारून आला. "गुरुत्वमध्य—"

"उमेदवार पास. गाडी नापास. मूळ उंचीच्या स्प्रिंगा बसल्याशिवाय ही फाटकाबाहेर जाणार नाही."

भावाचा चेहराही चार बोटे खाली आला. तरी त्याला राहवले नाही. "पण सर, वळणावर कशी वाटली?"

परीक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वळणावर उत्तम होती."

"बघ, ताई!"

"बघितलं. आता पायी जा आणि स्प्रिंगा घेऊन ये. तुझा गुरुत्वमध्य तेवढाच जागेवर येईल."

डॉक्टरांनी तोवर परीक्षकांच्या गालावर हलकेच बोट दाबले होते. "ही आज उघडायलाच हवी. माझा सध्याचा दवाखाना वाटेतच आहे. आधी तुमची दाढ, मग माझा कागद. चालवता येईल तुम्हाला?"

परीक्षकांनी मान हलवायचा प्रयत्न केला, कळवळले, आणि मुकाट्याने स्वतःच्या गाडीची किल्ली डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

उंच, मऊ स्प्रिंगांची ती गाडी आवारातून निघाली. फाटकापाशी परीक्षकांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"इंडिकेटर उशिरा दिलात," ते म्हणाले.

"साहेब," डॉक्टर पुढे बघत म्हणाल्या, "माझी परीक्षा झाली. आता तुमची."