तात्यांचा एक जूनशी दावा

माणूस चंद्रावर उतरल्याचा दिवस मला आमच्या गिरणीच्या दारावर कळला. त्याच दारावर, त्याच्याच खाली, किसन पैलवानाची म्हैस विहिरीत उतरल्याचंही कळलं. सालं वेगळी, पण तारीख एकच. आणि लिहिणाराही एकच, आमचे शेजारी धोंडिबा तात्या.

शिवऱ्यात आमची पिठाची गिरणी आहे. नवरा टेम्पोवर असतो, म्हणून गिरणी माझ्या अंगावर. तिच्या हिरव्या दारावर तात्या रोज सकाळी आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं, ते खडूनं दोन ओळींत लिहितात. पहिली 'जगात', दुसरी 'शिवऱ्यात'. जगातली ओळ रेडिओवरून येते, शिवऱ्यातली तात्या स्वतः शोधून काढतात. जगात पहिलं विमान उडालं, शिवऱ्यात पहिली एसटी थांबली. जगात कुठलंसं राज्य बुडालं, शिवऱ्यात सरपंचांच्या मेव्हण्याचा टेम्पो ओढ्यात गेला. तो मेव्हणा तेव्हापासून रुसलाय, दळण घेऊन पार सारोळ्याला जातो.

गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा मी वैतागून दाराला ऑइलपेंट मारून घेतला. गुळगुळीत दारावर खडू उमटेना. दुसऱ्या दिवशी तात्या कोळसा घेऊन हजर. त्यानंतर मी नाद सोडला.

तात्या जन्मभर भोर तालुक्यात कोतवाल होते. दवंडी पिटायची, समन्स पोचवायची. नोकरी संपली तरी कचेरीची भाषा तोंडात राहिली. सारखं एकच पालुपद, "पुराव्यानिशी बोला." त्यांची बायको सोनाक्का म्हणाली की आज ऊन कडक आहे, तरी यांना पुरावा हवा. सोनाक्काही कमी नाही. ती त्यांच्या हातात कुरडयांचं सूप देऊन पत्र्यावर चढवते आणि तासाभरानं विचारते, रुजू झाला का पुरावा म्हणून.

पण तात्यांचं खरं वैर होतं ते एक जूनशी.

आमच्या भागात वयस्कर माणसाला जन्मतारीख विचारा, बहुतेक एक जूनच ऐकायला मिळेल. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला न्यायचा. मास्तर तारीख विचारायचे, बाप आढ्याकडे बघायचा, आणि मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये भरते, वय धरायला सोपं. त्यामुळे दर एक जूनला गावाच्या मोबाईलच्या ग्रुपवर केकच केक येतात, आणि चौकातल्या फ्लेक्सवर निम्मं गाव दात काढून उभं असतं. तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "आख्ख्या शिवऱ्याच्या बाया एकाच दिशी बाळंत झाल्या व्हय? सुईणीला भाकर खायला तरी उसंत गावली आसंल का?"

मग त्यांनी ठरवलं, एकेका माणसाला एक जूनमधून सोडवायचं. दळणाला आलेल्या म्हाताऱ्या बायांना ते गिरणीतच गाठायचे. आईला तारीख आठवत नाही, पण पोर झालं तेव्हा भाताची लावणी होती की झोडणी, जत्रा झाली होती की व्हायची होती, चांदणं होतं की अंधार, एवढं पक्कं आठवतं. तेवढ्या धाग्यावर तात्या जुन्या पंचांगातून दिवस काढायचे आणि दारावर लिहायचे. एकदा असं निघालं की गुलाबरावांची बायको गुलाबरावांपेक्षा चांगली सात-आठ महिन्यांनी मोठी. गुलाबराव आधी बायकोशी अबोला धरून बसले, मग तात्यांशी. बायको मात्र त्या आठवड्यात गिरणीत फार टेचात यायची.

मलाही त्यांनी सोडवलं. माझ्या आईला आठवलं की मी बेंदराच्या दिवशी झाले, माझ्यामुळे बैलांची शिंगं रंगवायची राहिली आणि आजा दिवसभर धुसफुसत होता. तात्यांनी दारावर लिहिलं, 'शिवऱ्यात: गिरणीवाल्या मंगलचा जन्म.' खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आपला म्हणून एक दिवस असतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

राहता राहिली एकटी सोनाक्का. तिची आई ती तान्ही असतानाच गेली. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत मामानं तिला वाढवलं. दोन वर्षं शाळेत धाडलं, तेवढ्यात एक जून चिकटला. तिला विचारलं तर ती म्हणायची, मला काय ठाऊक, आणि चुलीकडे वळायची.

यंदा त्यांच्या लेकीनं, सुमननं, आईची पंच्याहत्तरी करायचं काढलं. तिनं भोरला हॉल घेतला, आचारी ठरवला, दिवस अर्थातच एक जून. तात्यांनी ठाम नकार दिला. लबाडीच्या दिवसावर बायकोचं औक्षण होऊ देणार नाही, खरा दिवस काढतो, मग काय ते करा. सुमन रडली, जावयानं समजावलं, तात्या हलले नाहीत. मला म्हणाले, "समद्या गावाला ज्याचा त्याचा दिस दिला. घरचीलाच द्यायचा ऱ्हायला. आता न्हाई दिला तर कवा देणार?" नेहमी ठणठणीत असणारा त्यांचा आवाज तेव्हा जरा खाली आला होता.

वाडीत सोनाक्काची मामेबहीण अजून आहे, हे त्यांना कुणाकडून तरी समजलं. माझं माहेर त्याच बाजूचं, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. सोनाक्काला सांगितलं, बियाणं बघायला चाललोय. नसरापूरला गाडी बदलून आम्ही वेल्ह्याला उतरलो आणि पुढचा चढ पायी चढलो. तात्या माझ्या पुढं होते. या वयात एवढा चढ असा चढणारा माणूस मी पाहिला नाही.

म्हातारी दारात वाल सोलत बसली होती. तात्यांनी कोतवाली सुरात विचारपूस सुरू केली. लावणी का झोडणी? चांदणं का अंधार? तिला काहीच आठवावं लागलं नाही.

"झोडणी चालली हुती. चंपाषष्ठीचा दुसरा दिस. म्या दहा वर्साची आसंन," ती म्हणाली. "सकाळी सोनी झाली, आन् दिस मावळायच्या आत आत्या गेली. आमी तिला कदी बोललो न्हाई. पोरीच्या जातीला कशाला तसलं सांगायचं?"

तात्यांना हवा होता त्याहून पक्का पुरावा मिळाला होता. त्यांनी खिशातली पेन्सिल काढलीच नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. नसरापूर आलं तेव्हा एवढंच म्हणाले की दारावर हे कसं लिहायचं, आणि न लिहून तरी घरात काय सांगायचं.

पुढचे काही दिवस दारावर फक्त 'जगात' असायचं. शिवऱ्याची जागा कोरी. गावात कुजबूज सुरू झाली, लोक मलाच विचारायला लागले. शेवटी सोनाक्का बाजरीचा डबा घेऊन गिरणीत आली. तात्या बाहेर बाकड्यावर बसले होते. तिनं डबा खाली ठेवला आणि मला गिरणी बंद करायला सांगितली.

"वाडीला जाऊन आलासा न्हवं?" तिनं विचारलं. "बियाण्याची पिशवी मोकळीच आली, तवाच वळाखलं म्या."

पुढं ती जे बोलली ते तिनं अगदी रोजच्या आवाजात सांगितलं. मामाच्या घरात वाढलेल्या पोरीला काय कळत नाही? शेजारणी बोलायच्या, लहानपणीच तिच्या कानावर आलं होतं. चंपाषष्ठीला सगळ्यांचे उपास सुटले तरी दुसऱ्या दिवशी ती जेवत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खंडोबाचा उपास एक दिवस जास्त धरते, असं आम्ही समजत होतो. तात्यांनीही इतक्या वर्षांत कधी पुरावा मागितला नव्हता.

"त्यो दिस माज्या आयचा हाय, तिलाच ऱ्हाऊ द्या," सोनाक्का म्हणाली. "मास्तरनं मला एक दिस दिला, त्या दिशी कुणी मेलं न्हवतं. मला त्योच बरा वाटतो. तुमी गावाला त्यातनं सोडवत बसलासा, म्या काय बोलले न्हाई. पर मला नगा सोडवू."

मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत उभी राहिले, कारण तात्यांकडे बघवत नव्हतं. ते उठले, तिचा डबा उचलून आत आणला आणि मला म्हणाले, बारीक दळ. तेवढं झाल्यावर त्यांनी सुमनला फोन लावला, हॉल आहे का गेला म्हणून विचारलं.

एक जूनला आम्ही सगळे भोरला गेलो. हॉलमध्ये जिकडं तिकडं कागदोपत्री त्याच दिवशी जन्मलेली माणसं, त्यामुळे कुणाचा कार्यक्रम आहे हे नव्या माणसाला कळेना. सोनाक्का हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट घेऊन सुमन पुढं झाली, तेवढ्यात तात्यांनी ते तिच्या हातातून घेतलं. नवऱ्यानं बायकोला ओवाळायची आमच्याकडे रीत नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, गुलाबराव मोठ्यानं खोकले. सुमन बापाला म्हणाली, आबा, द्या इकडं, लोक बघतात.

"बघू दे," तात्या म्हणाले. "हिला ओवाळायला हिची आय पायजे हुती. ती न्हाई, म्हून म्या ओवाळतो."

ताट जड होतं, पण ते पुरते तीनदा ओवाळल्याशिवाय थांबले नाहीत. सोनाक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही, फक्त हळूच म्हणाली, "हात भाजंल, जरा लांब धरा."