झाकण उद्या ने

कांताकाकू कोणालाही मसाल्याचे फल्लीदाणे भेट देतात, पण डब्याचं झाकण देत नाहीत.

डबा चांगला असतो. पत्र्याचा, घासून लख्ख केलेला. तोंडावर वर्तमानपत्राचा कागद, त्याला दोरा. "झाकन सापडून नाई राह्यलं वं," म्हणतात, "उद्या येऊन घेऊन जाजो. नाई तं दाने नरम पडतीन."

अमरावतीतली आमची गल्ली लहान. नवा भाडेकरू आला, की दाणे. देविदासभाऊंनी ऑटो घेतला, की दाणे. गल्लीतल्या क्लासला येणारी स्कूटीवाली पोरगी परीक्षेत नापास झाली, तेव्हाही दाणे. "पास झालेल्याले सारेच पेढे देतात," काकू म्हणाल्या, "नापासाले कोन देते?"

देविदासभाऊ हसतात. "म्हातारी इसरभोळी झाली. पन दाने बरे इसरत नाई, झाकनच इसरते!"

दाणे मात्र असे, की मग बाजारचे खाववत नाहीत. हळद-मिठाच्या पाण्यात घोळून सावलीत वाळवायचे. मग लोखंडी कढईत जाड मिठात भाजायचे. तिखट, जिरं, आमचूर गरम असतानाच चोळायचं. भाजताना कोणी बोलायचं नाही. "चूप! दाना बोलून राह्यला." कढईकडे कान लावून बसतात. तडतड थांबली, की कढई खाली.

मला कोणाच्या दारात जाऊन काही मागायचं म्हणजे घाम फुटतो. म्हणून झाकणासाठी मी कधी गेलेच नाही. डब्यावर ताटली ठेवायची, ताटलीवर पाण्याचा तांब्या. असे चार डबे झाले. वाटायचं, एवढ्याशा झाकणासाठी म्हाताऱ्या बाईला कशाला उठवायचं?

पण पावसाळ्यात ताटली काय करणार? चौथ्या डब्यातले दाणे चामट झाले. माझी मुलगी म्हणाली, "जा न वं आई. काकू काई खात नाई तुले."

गेले. दार उघडंच होतं. काकू दाणे भाजत होत्या. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला बरंच वाटलं. काकू एकट्या राहतात, तरी त्यांच्या पाटासमोर दुसरा पाट मांडलेला होता. त्यावर बसले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

भिंतीच्या फळीवर झाकणं होती! ओळीने, पुसलेली, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं. 'स्कूटी'. 'ऑटो'. बाकीच्यांचं एकेकच, कालपरवाचं. टोकाला मात्र एकावर एक चार होती. सगळ्यांत वरच्यावर लिहिलं होतं, 'न बोलनारी'.

एकही झाकण हरवलेलं नव्हतं. आणि साचलेली तेवढी माझीच होती.

तडतड थांबली. काकूंनी कढई उतरवली, मसाला चोळला, चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. 'छान झाले' म्हणून उठावं, असं मनात आलं. पण पुन्हा त्या फळीकडे नजर गेली.

"काकू," मी कसंबसं म्हणाले, "मीठ थोडं जास्त झालं."

आता चिडतात, असं वाटलं. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"हाव वं. झालं खरं," म्हणाल्या. "किती दिसांपासून होत असन कोन जाने. सारे दारातूनच झाकन घेतात अन् पळतात. मले कोनी सांगतच नाई."

मग उठल्या. वरचं झाकण काढलं, पदराचं टोक ओलं केलं आणि 'न' तेवढा पुसून टाकला. ते झाकण माझ्या हातात दिलं.

"आणि बाकीची तीन?" मी विचारलं.

तिन्ही झाकणं आम्हा दोघींच्या समोर फळीवरच होती. काकूंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि चहाचं आधण ठेवलं.

"थे सापडून नाई राह्यले वं," त्या म्हणाल्या. "उद्या येजो."