पेट्रोल! फुल्ल!

टक्! मोत्याचं बटण फरशीवर पडलं आणि झोपलेलं घर दचकलं. सासूबाई बाप्तिस्म्याचा फ्रॉक दुरुस्त करत बसल्या होत्या. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ ह्याच फ्रॉकात बाप्तिस्मा घेतं. अगदी माझ्या नवऱ्यानं, नॅथननंसुद्धा घेतलाय, आता दाढी आहे म्हणून काय झालं! आज कोल्हारला नणंदेच्या बाळाचा नंबर, अकरा वाजता. नॅथन तयारीला कालच पुढं गेलेला.

"एसटीनं जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"एसटी कशाला आई? मी आहे ना!"

लायसन्स येऊन चांगले नऊ दिवस झाले होते! आणि दारात महिन्याभरापूर्वी घेतलेली जुनी गाडी.

नगरच्या बाहेर पंपावर मी ऐटीत उतरले. सासूबाईंना उतरवलं, लेकीला, शॅरनलाही उतरवलं.

"ताई, आजींना कशाला उतरवलं?" पंपावरची मुलगी म्हणाली.

आठ वर्षं स्कूटी चालवली की असं होतं! तिथं सगळ्यांनी उतरून सीट उचलल्याशिवाय टाकीच दिसत नाही.

"काय टाकू?"

"पेट्रोल! फुल्ल!" ही पण आतली स्कूटीच बोलली.

टाकीच्या झाकणावर 'डिझेल' लिहिलेलं असतं म्हणे. आमच्या झाकणावर शॅरननं फुलपाखरू चिकटवलं होतं.

राहुरीच्या अलीकडं गाडी खोकली. मग शिंकली. मग भरपेट जेवलेल्या पाहुण्यासारखी उचक्या देत कडेला बसली, ती बसलीच!

मागून बँडवाल्यांचा टेम्पो थांबला. मालक सत्तारभाईंनी टाकी हुंगली.

"ताई, काय पाजलंय हिला?"

"पेट्रोल."

"अवो, डिझेलची हाय ही! चावी फिरवू नका आता. टाकी रिकामी करस्तोवर सांज व्हईल."

दहा वाजून वीस मिनिटं! फ्रॉक इथं माझ्याकडं आणि बाळ कोल्हारात!

"चला, बसा टेम्पोत. आमाला बी तिकडंच लग्न हाय."

सासूबाई ढोलाला टेकून, मी झांजांच्या मध्ये, शॅरन माझ्या कुशीत. खड्डा आला की आम्हीच वाजायचो!

चर्चच्या दारात उतरलो, तर बँडवाल्यांना राहवेना. धडाडधूम! अख्खी मंडळी मागं वळली. नॅथन धावत आला.

"गाडी कुठंय?"

"बिघडली!" मी ठणकावून सांगितलं. "अशी अचानक! जुन्या गाडीचा काय भरवसा?"

सासूबाई मोठ्या मनानं छताकडं बघत राहिल्या.

फ्रॉक बाळाला अंगाबरोबर बसला. बाप्तिस्मा झाला. पाळकबाबा म्हणाले, हन्नाताईंच्या बिघडलेल्या गाडीसाठीही प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात शॅरन माझ्या कानात कुजबुजली, म्हणजे मागच्या बाकापर्यंत जाईल अशी,

"मम्मी, गाडीनं काय चूक केली?"