पिकअपमधली हवा आणि घरातला अबोला

जुनी डिझेल पिकअप आपण स्वतः सुरू करणार, असं निवृत्त ग्रंथपालांनी सकाळीच जाहीर केलं, तेव्हा बायकोनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“मेकॅनिकला बोलवा.”

“बिघाड इंजेक्टरकडे आहे. मी त्यावरचं पुस्तक वाचलंय.”

“पोहण्यावरचंही वाचलं होतं तुम्ही.”

मागच्या खेपेला मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून हसला होता. तो इंजिनाला हसला की आपल्याला, या विचारानं ग्रंथपालांची झोप उडाली होती. म्हणून ते इरेला पेटले. मेकॅनिक येणार नाही, म्हणजे नाही.

“मग मीही बोलणार नाही,” बायको म्हणाली, आणि अबोला लागू झाला. त्या घरात अबोल्याचा कायदा कडक होता. जो आधी बोलेल तो हरला, आणि हरलेल्यानं दुसऱ्याचं मुकाट ऐकायचं.

पण मुलीचं शिवणकामाचं दुकान उद्या उघडायचं होतं आणि तिची दोन्ही कपाटं पिकअपवर दोरीनं करकचून बांधलेली होती. ती आज पोचायलाच हवी होती. त्यामुळे बायको तोंड मिटून, पण किल्लीपाशी येऊन बसली.

रोग साधा होता. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. एकेका इंजेक्टरवरचा नट सैल करायचा, दुसऱ्या माणसानं सेल्फ मारायचा, बुडबुडे संपून नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा. हा दुसरा माणूस आपल्याशी बोलत असेल, हे पुस्तकवाल्यानं गृहीतच धरलं होतं. शिवाय उघड्या बॉनेटमुळे खाणाखुणाही दिसत नव्हत्या. शेवटी ग्रंथपालांनी घरी राहायला आलेल्या आपल्या सासूबाईंची खुर्ची मध्ये टाकली.

“आई, तिला सांगा, सेल्फ मार.”

“अगं, सेल्फ मार म्हणतायत. बेतानं मार हो, बॅटरी त्यांच्याच वयाची दिसतेय.”

इंजिन कण्हलं. नटाभोवती बुडबुडे आले, मग स्वच्छ डिझेल.

“थांबायला सांगा.”

“थांब म्हणतायत. का, ते सांगत नाहीत.”

“का ते विचार,” गाडीतून आवाज आला. सेल्फ चालूच.

“जावईबापू, का म्हणून विचारतेय.”

एव्हाना डिझेल ग्रंथपालांच्या चष्म्यावरून मिशीत उतरलं होतं. “बुडबुडे संपले म्हणून,” ते ओठ न उघडता म्हणाले.

“बुडबुडे संपले म्हणे. आता गाडी संपायची तेवढी राहिलीय.”

त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. रुमालालाही आधीच डिझेल लागलेलं असल्यामुळे सारं जग पिवळट झालं. त्या धुक्यात त्यांनी आवळलेला नटच पुन्हा सैल केला आणि सैल होता तो आवळला. पुन्हा निरोप, पुन्हा सासूबाईंची भर, पुन्हा मिशी. पुस्तक वाचताना हे सगळं किती कोरडं होतं!

शेवटचा नट आवळला. सेल्फ लागला. पिकअप खोकली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि धडधडत सुरू झाली.

“अगं, झाली! झाली चालू!” ग्रंथपाल ओरडले.

सासूबाईंनी मान वळवली. “बोलले.”

बायको खाली उतरली. तिनं पदरानं त्यांची मिशी पुसली आणि त्याच हातानं फोन पुढे केला. “लावा.”

“पण चालू झालीय ना ती.”

“कायदा म्हणजे कायदा.”

ग्रंथपालांनी फोन लावला आणि धडधडीवर आवाज चढवून सारी हकीकत सांगितली. मेकॅनिक या खेपेला हसला नाही.

“काका, उत्तम केलंत. मग माझं काय काम? एकदा बंद करून परत सुरू करा. झाली सुरू, तर मी कशाला येऊ?”

ग्रंथपालांनी किल्लीकडे पाहिलं. कपाटांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाठ केली आणि फोनला हाताचा आडोसा करून हळूच म्हणाले,

“बंद नको. आम्ही असेच निघतो. तुम्ही मुलीच्या दुकानाशी या.”