एमीलरावांचा भाकरीचा शिक्का

इरा, सोहम, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या कपाटावर तो दगड कसला?" तो दगड नाही, भाकरी आहे. आणि ती मी स्वतः मळली आहे, म्हणून तिची गोष्ट आता मीच सांगायला हवी.

एमीलराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, तुमच्या नलूआजीचे यजमान. नलू गेली, पण ते अजून इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, आमच्याच इमारतीत राहतात. माझ्याकडे जेवायला आले की खिशातून शिंगाची खूण कोरलेला एक लाकडी शिक्का काढतात आणि मी लाटलेल्या पोळीवर दाबतात. पोळी मग फुगत नाही.

"अहो, इथे तुमची पोळी कोण पळवणार आहे?"

"ताई, आमच्या गावात असंच." चाळीस वर्षं नलूकडून शिकलेल्या मराठीत एवढंच. विषय संपला.

त्यांचं गाव फ्रान्समध्ये, डोंगरात अगदी वर. पूर्वी हिवाळाभर रस्ता बर्फाखाली जायचा आणि सरपणही थोडंच असायचं. म्हणून सगळ्या गावाची एकच भट्टी वर्षातून एकदा पेटायची आणि वर्षभराच्या, पावासारख्या जाड भाकऱ्या एकदम भाजल्या जायच्या. कुठली कोणाची हे कळावं म्हणून घरटी एक शिक्का.

"आमच्याकडे राजासुद्धा कधी आला नाही," एमीलराव छाती काढून सांगतात. "रस्ता बघूनच परत गेला!"

ही भाकरी पुढे इतकी कडक होते, की करवतीने कापावी लागते. इथे रविवारी आवाज करायला बंदी, आणि एका रविवारी ते तळघरात कापत बसले होते. वरच्या मजल्यावरच्या बाई तावातावाने खाली आल्या. "रविवारी सुतारकाम?"

"सुतारकाम नाही. नाश्ता."

त्या गावात एक नियम आहे. ज्या घराच्या माणसाने मळलेली भाकरी त्या वर्षी भट्टीत गेली नाही, ते घर मिटलं. त्याचा शिक्का भट्टीच्या भिंतीवर टांगतात, तो पुन्हा उतरत नाही. एमीलराव दर वर्षी न चुकता जात. या वर्षी नेमका गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. त्या दिवसापासून त्यांनी पोळीवर शिक्का दाबणं सोडलं. माझी पोळी टम्म फुगायला लागली आणि मला ती बघवेना.

"घरचं माणूसच लागतं ना? मी नलूची बहीण. द्या इकडे तो शिक्का."

तुमच्या मंदारकाकाने गाडी काढली आणि मला त्या गावी नेलं. भट्टीपाशी मी कोपरापर्यंत पीठ मळलं, पहिल्या भाकरीवर शिक्का दाबला, आणि बघतच राहिले. शिंगाची खूण मला माहीत होती. तिच्याखाली तुळशीचं एक बारीक पान होतं. पातळ पोळीवर ते कधी उमटलंच नव्हतं.

भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाई काहीतरी बोलून हसल्या. त्यांच्या सुनेने मला इंग्रजीत सांगितलं, "लग्न झालं त्या वर्षी त्याने ते कोरलं. गाव भांडलं, शिक्क्यात नवी खूण घालायची नाही म्हणून. तो म्हणाला, मग आमचं घर मोजू नका."

"मग?"

"मोजलं."

परत आल्यावर एक भाकरी मी एमीलरावांच्या हातात ठेवली. त्यांनी त्या पानावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ताई, तुम्ही मीठ कमी घातलं असणार."

"असेल," मी म्हटलं.

दुसरी तुमच्यासाठी कपाटावर ठेवली आहे. येताना दात घट्ट करून या. त्या भिंतीवर आता सव्वीस शिक्के टांगलेले आहेत. पाच घरांची भाकरी अजून भाजली जाते, त्यातलं एक घर आपलं आहे.